इतिवृत्तात न आलेलं

सभा सहाशे बारावी. मंगळवार, संध्याकाळी सात.
सेंट ब्रेंडन चर्चचं तळघर. हजर सतरा,
गैरहजर तीन, त्यातला एक कायमचा.
लिओ हाइन्सच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही,
कोट ठेवतात.

मी सचिव. एकोणीस वर्षं हीच निळी शाई.
इतिवृत्तासाठी बोलणं कसं साफ करायचं
हे मला कॉड साफ करण्याइतकंच येतं:
आधी डोकं, मग आतडी,
उरेल त्याला मीठ.

पाहुणी: दवाखान्याची नर्स, फिलोमेना क्विल्टी.
विषय: आपल्या किनाऱ्यावरची आरोग्यसेवा.

डॉक्टर महिन्यातून दोनदा, फेरीबोट सुटली तर.
अँब्युलन्स सत्तर मिनिटांत,
रस्त्यात मूस आडवा आला नाही तर.
हेलिकॉप्टर, धुकं नसलं तर.
"म्हणजे ऑगस्टातला एक गुरुवार," मागून अँब्रोज म्हणाला,
आणि आम्ही न्यूफाउंडलंडची माणसं जशी हसतो तसे हसलो,
दार लावून घेतल्यासारखे.

तिला नकाशा हवा होता.
भिंतीवर होता तो समुद्राचा:
कुठे किती वाव पाणी, कुठला खडक कुणाच्या आजोबाला भोवला,
सगळं त्यात. जमीन तेवढी कोरी.
त्या कोऱ्या कागदावर तिनं पेनानं रस्ता काढला,
टोकाला एक चौकोन: इस्पितळ.
तिथवर एकशे चाळीस किलोमीटर.
पाण्याखालचा दगडन् दगड ओळखणारे आम्ही
त्या रेघेकडे परदेश बघावा तसे बघत राहिलो.

खजिनदार डॉर्मन उठला. शिल्लक चार हजार शंभर डॉलर,
सोडत आणि थंड जेवणांची कमाई.
सूचना: दवाखान्याबाहेर एक बाक,
पितळी पाटीवर लिओचं नाव.

नर्सनं सुपाचा चमचा खाली ठेवला.
"बाक छानच. पण त्यावर बसून
वाट कुणाची बघायची?"
मग म्हणाली, इथल्या तिघांना डायलिसिस लागतं.
आठवड्यातून तीनदा. जायला गाडी नाही.
नावं तिनं घेतली नाहीत. दोनशे वस्तीच्या गावात
नाव न घेणं म्हणजे नुसती सभ्यता.
सगळे आपापल्या वाटाण्याच्या सुपात बघू लागले.

लिओलाही लागायचं.
फेब्रुवारीत त्यानं जाणं सोडलं.
"किती वेळा कुणाकुणाला म्हणायचं?"
हे तो मला म्हणाला होता, पोस्टाच्या पायरीवर,
आणि मी म्हणाले, वारा काय सुटलाय.
माझी गाडी समोरच उभी होती,
टाकी भरलेली.

मिठाला जागणारं गाव म्हणतात आमचं.
मीठ तर सगळ्यांनी एकाच पिंपातलं खाल्लंय.

पहिला हात सिरिल नोजवर्दीचा. वय एक्क्याऐंशी.
"सिरिल, तुझं लायसन काढून घेतलंय ना?"
"मग शेजारी बसेन. मूसवर नजर ठेवायला
कुणीतरी नको का?"
या वेळचं हसू वेगळं होतं,
डल्सीनं तर नाक पुसलं.
मग सोडतीच्या कागदाच्या पाठीवर वार लिहिले गेले,
बुधवार अँब्रोज, शुक्रवार डॉर्मन आणि त्याची सून,
पेट्रोलचा खर्च बाकाच्या पैशांतून.
कागद फिरत फिरत माझ्याकडे आला
तेव्हा सोमवार रिकामा होता.

ठराव: बाक तहकूब. सर्वानुमते.
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
एवढंच वहीत आहे.

खुर्च्या घड्या घालताना लक्षात आलं,
लिओच्या खुर्चीवरचा कोट माझाच.
किल्ल्या खिशातच होत्या.
सोमवारी पहाटे पाचला निघायचं,
म्हणजे साडेचारला काच खरवडायला हवी.